ही माशी कोणती? फोटोवरून आणि नमुन्यावरून माशी ओळखण्याची रीत

१ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातून येणारा आंबा बंद केला. सोबत वांगी, अळू, कारली आणि पडवळही. २०१३ साली तिकडे पोहोचलेल्या भारतीय फळं-भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाश्या आणि इतर किडी सापडल्या होत्या. आंब्यावरची बंदी उठवायचा निर्णय जानेवारी २०१५ मध्ये झाला, पण मधला हापूसचा हंगाम हातचा गेला तो गेलाच. अशा वेळी तपासनीस, बागायतदार आणि विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ सगळ्यांपुढे पहिला प्रश्न एकच असतो: माशी नेमकी कोणती?

हाच प्रश्न रोज कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सॲप गटावर पडतो. वरून घेतलेला एक धूसर फोटो आणि खाली ‘आयडी प्लीज’. बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही, किंवा मिळतं ते अंदाजपंचे असतं. दोष उत्तर देणाऱ्याचा नसतो. ज्या खुणांवरून ती माशी ओळखता आली असती त्या फोटोत आलेल्याच नसतात. भारतात माश्या-डासांच्या म्हणजे द्विपंखी कीटकांच्या सहा हजारांवर जाती नोंदल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकींची ओळख रंगात नसते. ती पंखांच्या शिरांत, अंगावरच्या राठ केसांत, चेहऱ्यावर आणि छातीच्या कडेला असते. म्हणून हा लेख नावांची यादी देण्यापेक्षा कुठे बघायचं आणि कुठे थांबायचं यावर जास्त बोलतो.

आधी ती माशीच आहे ना?

झेंडूवर किंवा कोथिंबिरीच्या फुलांवर बसलेल्या ‘मधमाशी’चे फोटो नीट पाहिले तर त्यांतल्या बऱ्याच मधमाश्या नसतातच. त्या सिर्फिडी कुलातल्या माश्या असतात. मधमाशीचा वेश घेतला की पक्षी आणि कोळी जरा दबकून असतात, एवढाच त्यांचा फायदा. त्यांना डंख नसतो.

खात्री करायच्या खुणा तीन. माशीला पंखांची एकच जोडी असते. मागच्या जोडीच्या जागी टाचणीच्या डोक्यासारखे दोन लहान दांडे असतात, त्यांना संतोलक म्हणतात. उडताना तोल सांभाळायचं काम त्यांचं. घरमाशीत ते पडद्याखाली झाकलेले असतात, पण भिंतीवर बसलेल्या लांबलचक पायांच्या टिपुलिड माशीत नुसत्या डोळ्यांनी दिसतात. दुसरी खूण शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा. मधमाशीच्या आणि गांधीलमाशीच्या शृंगिका लांब, कोपरात वाकल्यासारख्या. माशीच्या बहुधा आखूड, आणि त्यावर एक केस. तिसरी खूण डोळे: माशीचं जवळपास अख्खं डोकं डोळ्यांनीच व्यापलेलं असतं. फोटोत पंख किती ते कळत नसेल तर शृंगिका आणि डोळे बघा, काम भागतं.

फोटो कसा आणि कुठून

महागडा कॅमेरा लागत नाही. मोबाइलवर चिमट्याने बसणारी मॅक्रो लेन्स पुरते. वेळ मात्र साधावी लागते. माशीचं अंग उन्हाने तापेपर्यंत ती सुस्त असते, त्यामुळे सकाळी, त्यातही थंडीतल्या सकाळी, ती जवळ येऊ देते. दुपारी बारा वाजता कचराकुंडीपाशी माश्यांच्या मागे धावण्यात अर्थ नाही. आपली सावली तिच्यावर पडली की ती उडते, म्हणून सूर्याकडे पाठ करून पुढे सरकू नका, बाजूने या. आणि पहिला फोटो लांबूनच काढून ठेवा. पुढचा मिळेलच याची खात्री नसते.

एका माशीचे निदान चार फोटो हवेत. वरून एक, ज्यात छातीवरचे पट्टे आणि पोटावरची नक्षी दिसेल. बरोबर बाजूने एक, छातीची कड आणि पाय दिसतील असा. हा फोटो लोक सहसा घेत नाहीत, आणि जाणकाराला हवा असतो तो नेमका हाच. समोरून चेहऱ्याचा एक: डोळ्यांमधलं अंतर, शृंगिका, सोंडेचा आकार. चौथा पंखांचा. माशी पंख पसरून बसली असेल तर वरून येतोच, नाहीतर मागून उजेड येईल अशा कोनातून पंख पारदर्शक दिसेल असा घ्या. फ्लॅश वापरत असाल तर त्यावर पातळ पांढरा कागद लावा. चकचकीत हिरव्या माशीवर उघडा फ्लॅश पडला की सगळी पाठ पांढरी दिसते आणि केस नाहीसे होतात.

डोळ्यांमधलं अंतर कशाला, असं वाटेल. अनेक कुलांत नराचे डोळे कपाळावर एकमेकांना टेकलेले किंवा अगदी जवळ असतात, मादीचे लांब. नर-मादी कळली की पुढचं बरंच सोपं होतं, कारण काही जातींत नुसता नरच ओळखता येतो.

फोटोला फिल्टर लावू नका, रंग भडक करू नका. व्हॉट्सॲपवरून पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर बारीक केस दाबले जाऊन पुसट होतात. सोबत लिहा: गाव आणि तालुका, तारीख, कशावर बसली होती, अंदाजे लांबी. ‘कशावर’ याला फार किंमत आहे. शेणावरची, मेलेल्या घुशीवरची, पेरूवरची, न्हाणीघराच्या भिंतीवरची माशी म्हटलं की अर्धी कुलं आपोआप बाद होतात.

कुलापर्यंत पोहोचणं

जातीच्या नावावर एकदम उडी मारू नका. आधी कूळ, म्हणजे जवळच्या वंशांचा मोठा गट, मग वंश, मग जात. शृंगिका लांब, मण्यांच्या माळेसारख्या अनेक पेरांच्या असतील तर ती डास-घुंगुरट्यांच्या गोतावळ्यातली. शृंगिका आखूड असेल तर खरी माशी, आणि मग पंख बघायचे.

पंख बघण्याची एक सवय लावून घ्या: पुढच्या कडेपासून मागे शिरा मोजत या. सिर्फिडी कुलात तिसऱ्या आणि चौथ्या लांब शिरांच्या मधून एक खोटी शीर जाते. ती कुठल्याच शिरेला जोडलेली नसते, नुसती पंखावरची घडी असल्यासारखी दिसते. शिवाय पंखाच्या टोकाकडच्या काही शिरा कडेला न टेकता कडेशी समांतर वळतात. एवढं दिसलं की कूळ पक्कं. मग डोळ्यांवर पट्टे किंवा ठिपके असतील तर एरिस्टॅलिनस वंश मनात आणायचा.

टॅबॅनिडी कुलात, म्हणजे गुरांना आणि कधी आपल्यालाही कडकडून चावणाऱ्या मोठ्या माश्यांत, पंखाच्या टोकाशी शिरेचा एक फाटा असतो आणि त्याच्या दोन शाखा टोकाला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात. या माश्यांच्या डोळ्यांवर जिवंतपणी हिरवे-जांभळे पट्टे चमकतात आणि मेल्यावर, वाळल्यावर ते जातात. ओलसर डब्यात ठेवलं तर काही काळ परत उमटतात, पण भरवसा नाही. इथे फोटो नमुन्यापेक्षा सरस ठरतो, तेव्हा मारण्याआधी डोळ्यांचा फोटो घ्याच.

ॲसिलिडी, शिकारी माश्या: दोन डोळ्यांच्या मधे डोक्यावर खळगा आणि तोंडावर राठ केसांची दाढी. दुसरा कीटक पायांत धरून बसलेली माशी दिसली तर बहुधा हीच. बागेतल्या पानांवर टुणटुण फिरणारी, बारीक, लांब पायांची, हिरवी चकचकीत माशी डोलिकोपोडिडी कुलातली, तिला मासळीबाजारातल्या हिरव्या माशीत गोवू नका. सह्याद्रीतल्या ओलसर, सावलीच्या ओढ्याकाठी डोळे दांड्यांच्या टोकाला असलेली माशी दिसली तर डायोप्सिडी, तिथे दुसरं काही असूच शकत नाही.

काही माश्या फोटोवरूनच जातीपर्यंत जातात, आणि सुरुवात अशांपासून करावी. न्हाणीघराच्या भिंतीवर बसलेली, पतंगासारखी केसाळ, बदामाच्या आकाराची बारीक माशी, पंखांच्या कडेला पांढरे ठिपके: क्लॉग्मिया अल्बिपंक्टाटा. तिची पिल्लावळ मोरीच्या जाळीखालच्या बुळबुळीत थरात वाढते. सोसायटीच्या कंपोस्ट पिंपाभोवती फिरणारी, काळी, गांधीलमाशीसारखी लांबट, पायांची टोकं पांढरी आणि पोटाच्या मुळाशी दोन पारदर्शक खिडक्या: हर्मेशिया इल्युसेन्स. मूळची अमेरिका खंडातली, आता जगभर पसरलेली, आणि ओला कचरा फस्त करण्यात पटाईत.

घरमाशी आणि तिची भावंडं

घरात दिसते ती सगळी घरमाशीच, असं धरून चालतात. खरी घरमाशी, मस्का डोमेस्टिका, ओळखायची ती अशी: करड्या छातीवर चार काळसर उभे पट्टे, पोटाच्या दोन्ही कुशी पिवळसर, आणि पंखाची चौथी लांब शीर टोकाजवळ कोन करून वर वळते, जवळपास तिसऱ्या शिरेला टेकायला येते. ही शीर भिंगातून एकदा बघून ठेवा, नंतर विसरत नाही.

छातीवर चाराऐवजी दोनच रुंद पट्टे असतील तर मस्का सॉर्बेन्स, बाजारमाशी. ही घरात कमी आणि बाहेर जास्त. उघड्या जखमांवर, लहान मुलांच्या डोळ्यांच्या कडांना जाऊन बसते ती बहुधा हीच.

गोठ्याजवळ बसलात आणि ‘घरमाशी’ घोट्याला चावली, तर ती घरमाशी नाही. घरमाशीला चावताच येत नाही, तिची सोंड मऊ आणि चाटण्यासाठी असते. चावणारी म्हणजे स्टोमॉक्सिस कॅल्सिट्रान्स. बाजूने बघितलं की सोंड डोक्यापुढे सुईसारखी सरळ आलेली दिसते. शृंगिकेवरच्या केसाला फक्त वरच्या बाजूने बारीक केस, तर घरमाशीत दोन्ही बाजूंनी. वरून काढलेल्या फोटोत या दोघी सारख्याच दिसतात. बाजूचा फोटो घ्या म्हणतो ते याचसाठी.

खोलीच्या मधोमध, दिव्याखाली, न बसता घिरट्या घालत राहणारी सडपातळ माशी फॅनिया वंशातली असू शकते. तिची चौथी शीर सरळ कडेपर्यंत जाते, वळत नाही.

करडी, मोठी, छातीवर ठसठशीत तीन काळे पट्टे आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखी चौकटी नक्षी: ही सार्कोफॅजिडी कुलातली मांसमाशी. पोटावरची नक्षी उजेडाच्या कोनाप्रमाणे बदलते, पांढरा चौकोन काळा होतो. इथे फोटोचं काम संपलं. या कुलातल्या जाती नराच्या जननेंद्रियांवरून ओळखतात आणि वरून त्या एकमेकींच्या झेरॉक्स प्रती असतात. कोणी फोटोवरून तुम्हाला जातीचं नाव ठोकून दिलं तर नम्रपणे विचारा, कशावरून? टॅकिनिडी कुलाचंही तेच. त्यांच्या पोटावर राठ, उभे केस असतात आणि छातीच्या मागच्या टोकाखाली एक फुगीर उंचवटा बाजूने दिसतो. तिथपर्यंत जायचं आणि थांबायचं.

हिरव्या-निळ्या

मासळीबाजारातल्या चकचकीत माश्या कॅलिफोरिडी कुलातल्या, आणि आपल्याकडे त्यांत दोन वंश सतत भेटतात: क्रायसोमाया आणि ल्युसिलिया. ओळखीची ॲप्स हिरवी चमकती माशी दिसली की पटकन ल्युसिलिया सेरिकाटा सुचवतात. त्यांच्याकडे युरोप-अमेरिकेतले फोटो भरपूर असतात. सुचवलेलं नाव हा सुरुवातीचा धागा म्हणून ठीक आहे, निकाल म्हणून नाही.

क्रायसोमायाच्या पोटावरच्या प्रत्येक वळ्याच्या मागच्या कडेला सहसा गडद पट्टी असते, ल्युसिलियाचं पोट एकसारखं चमकतं. पण पक्की खूण बारीक आहे. पंखाच्या अगदी मुळाशी मुख्य शिरेचा जो जाड बुंधा असतो त्यावर क्रायसोमायात वरून बारीक केसांची ओळ असते, ल्युसिलियात तो बुंधा गुळगुळीत. चांगल्या मॅक्रो फोटोत हे येतं, दहापट भिंगातून नमुन्यावर नक्की दिसतं. ल्युसिलियासारखाच दिसणारा हेमिपायरेलिया हा तिसरा वंशही आपल्याकडे आहे. त्याला वेगळं काढायला सूक्ष्मदर्शक लागतो, म्हणून फोटोवर ‘ल्युसिलिया किंवा हेमिपायरेलिया’ असं लिहिणंच खरं.

क्रायसोमायात पुढे: मोठे विटकरी डोळे, गाल नारिंगी, आणि नराच्या डोळ्याचा वरचा भाग मोठ्या कप्प्यांचा व खालचा बारीक कप्प्यांचा, मधली रेघ स्पष्ट: क्रायसोमाया मेगासेफाला. आता डोक्यामागे, पुढच्या पायाच्या मुळाच्या वर छातीच्या कडेला श्वसनछिद्र शोधा. मेगासेफालात ते गडद तपकिरी, क्रायसोमाया रुफिफेसिसमध्ये फिकट, पांढुरकं. बाजूच्या एका फोटोत हा निकाल लागतो.

याच वंशात क्रायसोमाया बेझियाना आहे. तिच्या अळ्या मेलेलं मांस खात नाहीत, जिवंत जनावराच्या जखमेत वाढतात. गुराच्या जखमेत अळ्या दिसल्या तर माशीची ओळख पटवण्यात दिवस घालवू नका. काही अळ्या सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये टाका आणि पशुवैद्याला बोलवा.

फळमाश्या: इथे जरा थांबून

केळ्यांच्या फण्याभोवती घोंगावणारी दोन-तीन मिलिमीटरची लाल डोळ्यांची चिलटं म्हणजे ड्रोसोफिला. ती पिकून उतू चाललेल्या फळावर येतात. आंब्या-पेरूचं नुकसान करते ती टेफ्रिटिडी कुलातली, घरमाशीएवढी, पिवळे पट्टे मिरवणारी फळमाशी. तिची मादी धड, पिकायला आलेल्या फळात अंडनळी खुपसून अंडी घालते. दोघींची गफलत केली की औषध चुकीचं पडतं.

आता नमुना समोर ठेवा आणि या क्रमाने बघा. प्रथम छातीवरचे पिवळे पट्टे. कडेला दोनच पट्टे आहेत, की मधेही तिसरा? मधला तिसरा असेल तर ती झ्युगोडॅकस. त्यातली भोपळावर्गीय वेलांवरची नेहमीची माशी झ्युगोडॅकस कुकुर्बिटी, पूर्वी तिला बॅक्ट्रोसेरा म्हणत. तिच्या पंखाच्या टोकाला मोठा तपकिरी डाग असतो आणि पंखात आडव्या जाणाऱ्या शिरेवरही गडद छटा पसरलेली असते. तीन पट्टे आहेत पण आडव्या शिरेवर छटा नाही, तर झ्युगोडॅकस टाऊचा विचार करा. कारल्या-काकडीवरची लहान, तपकिरी माशी, छातीच्या कडेला पिवळे पट्टेच नाहीत आणि पोटाची वळी एकमेकांना सांधलेली: डॅकस सिलिएटस.

दोनच पट्टे असतील तर पंखाच्या पुढच्या कडेला या. तिथे मुळापासून टोकापर्यंत सलग तपकिरी किनार असेल आणि पोटावर इंग्रजी टी अक्षरासारखी काळी खूण, तर बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस, आंब्याची मुख्य फळमाशी. किनार सलग नसेल, नुसता टोकाला एक डाग असेल, तर दोन शक्यता उरतात आणि त्यांचा निवाडा चेहरा करतो. शृंगिकांच्या खाली दोन सुटे काळे ठिपके आणि छाती लालसर तपकिरी: बॅक्ट्रोसेरा झोनाटा. ते दोन ठिपके आडवे पसरून एकमेकांना मिळालेले, आणि छाती बरीचशी काळी: बॅक्ट्रोसेरा करेक्टा. चेहऱ्याचा फोटो नसेल तर या दोघींत फक्त अंदाज उरतो.

डॉर्सॅलिसच्या बाबतीत एक सावधगिरी. आफ्रिकेत सापडलेली बॅक्ट्रोसेरा इन्व्हाडेन्स आणि आग्नेय आशियातली बॅक्ट्रोसेरा पपायी या दोन्ही डॉर्सॅलिसच आहेत असं २०१५ मध्ये मान्य झालं. त्यामुळे जुन्या लेखांत ही नावं वेगळी दिसली तरी गोंधळू नका. उलट दक्षिण भारतात बॅक्ट्रोसेरा कॅरिई ही डॉर्सॅलिससारखी दिसणारी, पण खरोखर वेगळी जात आहे. तळकोकणात किंवा गोव्यात गडद छातीचे नमुने मिळाले तर ते वेगळे ठेवा आणि तज्ज्ञाला दाखवा.

सापळा कोणता होता हीदेखील एक खूणच. सिट्रोनेलाच्या तेलाकडे फळमाश्या खेचल्या जातात हे बिहारातल्या पुसा इथले कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांनी १९१२ मध्ये नोंदवलं आणि १९१५ मध्ये त्यातलं ओढणारं रसायन मिथाईल युजेनॉल असल्याचं दाखवलं. कोकणातल्या बागांत टांगलेल्या रक्षक सापळ्यात तेच असतं, तुळशीतही ते असतं. मिथाईल युजेनॉलवर डॉर्सॅलिस, झोनाटा आणि करेक्टाचे नर येतात. कुकुर्बिटीचे नर क्यू-ल्युअर या दुसऱ्या आमिष-रसायनावर येतात. म्हणजे सापळ्यातल्या माश्या बहुतेक सगळ्या नर, आणि त्यावरून मादी किती, फळात काय, हे ठरवता येत नाही. फळातली माशी हवी असेल तर ती फळातूनच काढायची.

त्यासाठी किडलेलं फळ कोरड्या वाळूच्या किंवा लाकडाच्या भुशाच्या थरावर डब्यात ठेवा, तोंडाला मलमलचं फडकं बांधा. अळ्या फळातून उड्या मारत बाहेर पडतात, वाळूत कोशात जातात आणि साधारण आठ-दहा दिवसांत, थंडीत उशिरा, माश्या निघतात. निघाल्या निघाल्या मारू नका. कोवळी माशी फिकट आणि मऊ असते, पट्टे धड उमटलेले नसतात, आणि वाळली की पोट चुरगळतं. साखरेचं पाणी भिजवलेला कापूस ठेवून चार-पाच दिवस जगवा, मग रंग पक्के होतात. सापळ्यातल्या माश्या वरचेवर काढा. आठवडाभर पावसात भिजलेल्या माश्यांचा लगदा ओळखता येत नाही.

नमुना करताना

मारण्यासाठी घरचा डीप फ्रीजर उत्तम. लहान बाटलीत टिश्यूचा तुकडा घालून रात्रभर ठेवा. टिश्यू ओलावा शोषतो, केस चिकटत नाहीत. इथाइल ॲसिटेट मिळत असेल तर तेही चालतं, पण ते पेट घेतं, आगीपासून दूर ठेवा.

माशी वाळण्याआधी टोचा. स्टीलच्या कीटक-पिना, क्रमांक एक किंवा दोन. शिवणकामाची टाचणी जाड असते आणि गंजते. पिन छातीच्या बरोबर मधून न घालता किंचित उजवीकडून घाला, म्हणजे उजव्या बाजूचे केस गेले तरी डाव्या बाजूचे शाबूत राहतात आणि मधला पट्टाही. फळमाशीच्या बाबतीत पट्टे हीच ओळख, तेव्हा हा नियम मोडू नका. चार मिलिमीटरपेक्षा लहान माशी टोचू नका, कार्डाच्या बारीक त्रिकोणाच्या टोकाला डिंकाच्या थेंबाने छातीच्या कडेला चिकटवा. पंख अंगावर मिटू देऊ नका, पाय खाली ओढून घ्या.

मांसमाशीचा नर असेल तर ताजा असतानाच एक युक्ती करा. पोटाचं टोक बारीक पिनेने हळूच मागे ओढून जननेंद्रियं उघडी करा आणि तशीच वाळू द्या. पुढे कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळायची वेळ सहसा येत नाही. जुना वाळलेला नमुना असेल तर पोटाचं टोक तोडून दहा टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये रात्रभर ठेवावं लागतं, मग धुऊन ग्लिसरीनच्या बारीक कुपीत घालून ती कुपी त्याच पिनेवर टोचून ठेवतात. हातमोजे घाला, कातडी भाजते.

अळ्या आणि मऊ कीटक अल्कोहोलमध्ये. आधी गरम पाण्यात क्षणभर टाकून मग अल्कोहोलमध्ये घातल्या तर काळ्या पडत नाहीत. प्रौढ माश्या मात्र शक्यतो अल्कोहोलमध्ये नकोत, रंग जातो. डीएनए तपासायचा असेल तरच पंचाण्णव टक्क्यांच्या वरच्या अल्कोहोलमध्ये एखादी फ्रीजरात ठेवा.

चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे मेलेली माशी, दुसरं काही नाही. चिठ्ठीवर राज्य, जिल्हा, गाव, अक्षांश-रेखांश, तारीख, पकडणाऱ्याचं नाव, आणि दुसऱ्या चिठ्ठीवर सापळा किंवा फळ. ओळखीची चिठ्ठी तिसरी, आणि तीवर नाव देणाऱ्याचंही नाव. जाती ठरली नसेल तर ‘बॅक्ट्रोसेरा, जाती अनिश्चित’ असं लिहायला लाजू नका. खोटी खात्री पुढच्या माणसाला फसवते, अपुरी नोंद फसवत नाही. शाई पाण्याने आणि अल्कोहोलने न पसरणारी हवी, बॉलपेन नको.

पावसाळा हा संग्रहाचा खरा वैरी. कोकणात जूनमध्ये बंद केलेला डबा ऑगस्टमध्ये उघडला तर पंखांवर बुरशीची लव दिसते. डबा घट्ट झाकणाचा घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून तापवून कोरड्या करा. मुंग्यांसाठी डब्याचे पाय पाण्यात ठेवणं जुनं असलं तरी अजूनही उपयोगी पडतं.

अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात काहीही पकडायला वनखात्याची परवानगी लागते, माशीसुद्धा. परदेशातल्या तज्ज्ञाला नमुना पाठवायचा तर जैवविविधता कायदा २००२ आडवा येतो, तेव्हा आधी फोटो पाठवा. देशात विचारायचं तर पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आणि दापोली, राहुरी, अकोला, परभणी इथल्या कृषी विद्यापीठांत कीटकशास्त्र विभाग आहेत. फोन करून मग जा, आणि एकाच जातीचे नर-मादी धरून पाच-सहा नमुने न्या. एकाच माशीवर जाती ठरवायला कोणीही कचरतो.

टपालाने पाठवायचं असेल तर पिना लावलेला छोटा डबा मोठ्या डब्यात ठेवा आणि मधली जागा चारी बाजूंनी कागदाच्या बोळ्यांनी भरा. आतल्या डब्यात पिना फोममध्ये खोल रुतवा आणि प्रत्येक माशीच्या दोन्ही बाजूंना एकेक मोकळी पिन टोचा, म्हणजे पोट गळून पडलं तरी ते शेजारच्या माशीचे पाय मोडणार नाही. गळून पडलेलं पोट कोणाचं, हे वरून ओळखता येत नाही.